सरासरी उजेडाची

भुसावळहून वरणगावकडे रात्री महामार्गाने जाताना दीपनगर दुरूनच ओळखू येते. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, त्यांच्यावरचे लाल दिवे, वसाहतीतल्या दिव्यांच्या रांगा. खान्देशात आता कितीतरी तरुण अहिराणी गाण्यांचे, लग्नांचे, यात्रांचे व्हिडिओ मन लावून करतात. रात्रीचे असे दृश्य ते फोर-केमध्ये टिपतात आणि मोबाइलसाठी लहान करतात. तेव्हा दूरचे बारीक दिवे मलूल पडतात. बोल कॅमेऱ्याला लागतो. पण चूक बहुधा हिशेबात असते.

फोर-केचे चित्र फुल एचडीत आणताना चार ठिपक्यांचा एक ठिपका होतो. समजा, चारांपैकी एका ठिपक्यात दिवा आहे आणि तीन ठिपके काळे आहेत. नव्या ठिपक्याला एका दिव्याच्या पावपट उजेड मिळायला हवा. चित्राच्या फाइलमध्ये पूर्ण उजळ दिव्याचा आकडा २५५, काळ्याचा शून्य. साधी सरासरी येते ६४. परंतु संगणकाच्या पडद्यासाठी रूढ असलेल्या एसआरजीबी पद्धतीत ६४ म्हणजे पूर्ण उजेडाच्या जेमतेम पाच टक्के! पाव उजेडासाठी आकडा हवा १३७. आपल्या डोळ्यांना अंधारातले बारीक फरक जास्त जाणवतात, म्हणून या पद्धतीत अंधाऱ्या छटांच्या वाट्याला अधिक आकडे दिलेले असतात. त्यामुळे आकडा निम्मा झाला म्हणून उजेड निम्मा होत नाही. सरासरी आकड्यांची काढली आणि उजेड वाया गेला.

डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकारबदलाचा हिशेब लिनियरमध्ये, लॉगमध्ये की गॅमात करायचा, हे रंग-व्यवस्थापनाच्या सेटिंग्जमध्ये ठरवता येते. लिनियर म्हणजे प्रत्यक्ष उजेडाचा हिशेब; लॉग आणि गॅमा म्हणजे अंधाऱ्या छटांना जास्त वाटा देणाऱ्या आकड्यांचा. रात्रीचे दिवे लहान करताना लिनियर हिशेब दिव्यांना न्याय देतो. मात्र घरातला जुना, छोटा फोटो मोठा करायचा असेल आणि आकार बदलणारा फिल्टर धारदार असेल, तर याच लिनियरमुळे झळझळीत बल्बभोवती काळपट कडे उमटू शकते. तिथे लॉग किंवा गॅमा बरे. सर्व चित्रांना चालेल अशी एकच निवड नाही. म्हणून आधी चित्र पाहावे, मग वेगवेगळे पर्याय लावून मूळ चित्राशी ताडून पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे, पण कुणाच्या तरी लग्नातली रोषणाई त्यावर अवलंबून असते.

लहान करण्याचे हे काम आपण सगळेच रोज करतो. मुलाचे अख्खे वर्ष टक्केवारीत मांडतो. गावाचे सुखदुःख अहवालाच्या एका परिच्छेदात बसवतो. गेलेल्या माणसाचे आयुष्य श्रद्धांजलीच्या चार ओळींत आणतो. त्याशिवाय इलाजही नसतो. प्रत्येकाला सगळे सांगायला वेळ कुठे असतो? पण आजूबाजूच्या अंधारात एकटाच तेवणारा गुण अशा सरासरीत सर्वांत आधी विझतो. गणितात काठावर पास झालेला मुलगा आजारी आजीचे सगळे करतो, हे गुणपत्रिकेत कुठे दिसते? ते पाहणाऱ्याने वेगळे मोजावे लागते.

लहान करणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते, कारण पुढच्या माणसाला मूळ चित्र दिसणारच नसते. त्याला जे मिळेल तेच तो खरे मानतो. तेव्हा पडद्यावरचे चित्र असो की शेजारचा माणूस, थोडक्यात मांडण्याआधी स्वतःला एकदा विचारा: मी आकडे मोजतो आहे की उजेड?