आकडा तोच, निर्णय वेगळा

बार्बरा मॅकनील, स्टीफन पॉकर, हॅरॉल्ड सॉक्स आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्ण, पदव्युत्तर विद्यार्थी आणि डॉक्टर यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला होता : फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया निवडावी की किरणोपचार? शस्त्रक्रियेमुळे पाच वर्षे जगण्याची शक्यता अधिक होती, परंतु तिच्यात तत्काळ दगावण्याचा धोका होता, जो किरणोपचारांत नव्हता. काहींना शंभरांपैकी नव्वद रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचतात असे सांगण्यात आले, तर काहींना शंभरांपैकी दहा मरण पावतात असे. गणित एकच असूनही पहिली मांडणी वाचणाऱ्या डॉक्टरांपैकी ८४ टक्क्यांनी शस्त्रक्रिया निवडली आणि दुसऱ्या मांडणीत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले.

माहिती न बदलता केवळ तिच्या मांडणीमुळे निवड पालटणे, यालाच मानसशास्त्रात ‘मांडणीचा परिणाम’ म्हणतात. ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस परिणामांचे मोल एखाद्या संदर्भबिंदूपासून मोजतो आणि तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याची झळ त्याला अधिक तीव्रतेने जाणवते. ‘वाचतात’ म्हटले की तो बिंदू मृत्यूपाशी सरकतो, ‘मरतात’ म्हटले की जीवनापाशी. हे अडाण्यांचे दौर्बल्य नव्हे, कारण ज्यांच्या सल्ल्यावर रुग्ण विसंबतो ते डॉक्टरही त्यातून सुटले नाहीत, आणि या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे.

मांडणीचे दुसरे रूप याहून घातक ठरू शकते. १९९५ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. विधान खरे होते. मात्र तो सापेक्ष धोका होता, म्हणजे आधीच्या गोळ्यांच्या धोक्याशी तुलना करून सांगितलेली वाढ. निरपेक्ष धोका, म्हणजे प्रत्यक्षात किती जणींपैकी किती जणींना बाधा होते हा हिशेब, सात हजारांत एकीवरून दोघींवर गेला होता. भयभीत होऊन अनेकींनी गोळ्या थांबवल्या आणि त्यानंतरच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार अधिक गर्भपात झाले असा अंदाज आहे. वास्तविक गरोदरपणातील गुठळीचा धोका त्या गोळ्यांच्या धोक्यापेक्षाही मोठा असतो, आणि ही तुलना त्या स्त्रियांपुढे आधीच ठेवली गेली असती तर निवड अधिक डोळसपणे करता आली असती.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रुग्णाच्या संमतीविषयी दिलेल्या निर्णयानुसार उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय आणि लक्षणीय धोके रुग्णाला सांगणे आवश्यक आहे. काय सांगावे याची ही चौकट मोलाची आहे, परंतु कसे सांगावे हा प्रश्न तीत उरतोच. कोणतीही मांडणी नसलेले विधान करता येत नाही, म्हणून तटस्थतेचा दावा करण्याऐवजी दोन्ही बाजू एकाच आधारावर सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य मानले पाहिजे : शंभरांपैकी नव्वद वाचतात आणि दहा दगावतात, तसेच उपचार घेतलाच नाही तर त्याच शंभरांचे काय होते, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी, रुग्णाच्या भाषेत.