बघून आलो आणि मागवलं

दिवाळी सरली की दत्तजयंतीचे वेध लागतात. मधल्या दिवसांत घराघरांत एक हिशोब चालतो. पाडव्याला काय घेतलं, भाऊबीजेला काय घातलं, केवढ्याला पडलं. यंदा एकच वाक्य पाच-सहा ठिकाणी कानी आलं : "साडी दुकानात बघून आलो आणि मोबाईलवर मागवली. तीनशे रुपये वाचले." सांगणारी माणसं सज्जन, गुरुवार न चुकवणारी. म्हणूनच हा प्रश्न दत्तभक्तांपुढे मांडावासा वाटतो.

मोबाईलवर मागवणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. ज्यांचे गुडघे गेले, मुलं परगावी आहेत, त्यांच्या दारात औषध, किराणा येतो ही मोठीच सोय. प्रश्न आहे तो 'बघून आलो' एवढ्याचाच.

दुकानदार गादीवर वीस साड्या उलगडतो. पदर हातावर टाकतो. "ताई, रंग उन्हात बघा" म्हणून दारापर्यंत येतो. आपण गेल्यावर त्याच्याकडचा मुलगा त्या सगळ्या घड्या पुन्हा घालत बसतो. मालात अडकलेला पैसा, भाडं, विजेचं बिल, त्या मुलाचा पगार, हे सारं त्या अर्ध्या तासात आपण वापरलं. मोल मात्र दुसऱ्यालाच दिलं. यमांमध्ये अस्तेय सांगितलं आहे. त्याचा अर्थ फक्त खिसा कापू नये एवढाच असता, तर आपल्याला तो पाळायला फार सोपा गेला असता.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी तो संवाद मराठीत खुला केला. त्यातली मधमाशी फुलाफुलातून थोडं थोडं घेते, फूल दुखावत नाही. तसं मुनीने घरोघरी थोडकंच मागावं, गृहस्थाला तोशीस पडू देऊ नये. भिक्षा मागणाऱ्यावर जर एवढं बंधन, तर पैसे मोजून घेणाऱ्यावर काहीच नाही का? आपले दत्तमहाराजही रोज भिक्षेला कोल्हापुरी जातात अशी आपली श्रद्धा. ज्याला काही कमी नाही, तो दारी जाऊन उभा राहतो.

हे बोलत होतो तेव्हा एक स्नेही म्हणाले, "अजगरही चोवीसांतच आहे की! जागचा हलत नाही, येईल ते खातो. आम्ही तेच करतो." हसलो सगळे. पण अजगर सवलतीचा सेल बघत नाही, आणि काही आलं नाही तर उपाशी पडून राहतो, हे ते सोयीने विसरले.

दुकानदारही सगळे संत नसतात. "घ्यायचं असेल तरच काढतो" असं तोंडावर बोलणारे आहेत, बिल मागितलं की कपाळाला आठ्या घालणारे आहेत. पेन्शनवर चालणाऱ्या घराला तीनशे रुपये म्हणजे पंधरा दिवसांच्या गोळ्या, हेही खरं. ज्याला वाचवणं भाग आहे त्याने खुशाल घरबसल्या मागवावं. पण मग दुकानात जाऊन साड्या उलगडायला लावू नयेत. किंवा सरळ सांगावं, "बाबा, मोबाईलवर एवढ्याला मिळते, तुला परवडेल का?" नाही म्हणायचा हक्क त्यालाही आहे, पण निदान त्याला विचारलं तरी जातं.

दुकान म्हणजे नुसता माल नसतो, हे वाडीला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात नृसिंहवाडीतली दुकानं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर चिखल उपसून लोकांनी ती पुन्हा मांडली, म्हणून आज देवळाकडे जाताना हार, पेढे, कवठाची बर्फी हाताशी मिळते.

आता संक्रांत येईल. हळदीकुंकवाला लुटायला पन्नास स्टीलच्या डब्या हव्यात. सूनबाईने मोबाईलवरचा भाव काढला, मी पेठेतल्या भांडीवाल्याला विचारला. डबीमागे त्याचा चार रुपयांनी जास्त होता. मोबाईलवरचा सांगितल्यावर दोन रुपये उतरला.

"उरलेले शंभर कशाचे?" सूनबाई म्हणाली.

"तो नावं घालून देतो, त्याचे," मी म्हटलं.

"मग सासूबाईंचंही नाव घालायला सांगा," म्हणाली, आणि यादी करायला बसली.