पाना न धरलेल्या हातांची परीक्षा

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे तर पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 75 प्रश्न सोडवावे लागतात. एका प्रश्नाला 48 सेकंद. उत्तर चुकले की एकतृतीयांश गुण कापले जातात. 2024 च्या भरतीत आधी 5,696 जागा जाहीर झाल्या, पुढे त्या 18,799 झाल्या. त्यांच्यामागे किती पोरे लागली आहेत, ते कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावले की कळते. अशा तयारीत 'ट्रिक'चे राज्य आले तर नवल नाही. ताशी 72 किलोमीटर दिसले की सेकंदाला 20 मीटर, 54 दिसले की 15, 36 दिसले की 10. वहीत चौकट आखून हे पाठ केले जाते.

ट्रिकशी माझे भांडण नाही. 48 सेकंदांत सूत्राची सिद्धता मांडत बसणारा नापासच होणार. माझी तक्रार वेगळी आहे. यंत्रांची जाण जन्मजात असते, परीक्षा फक्त ती शोधून काढते, आणि सराव करून ती 'आणणे' म्हणजे थोडीशी लबाडीच, असे मानणारे शिकलेसवरले लोकही भेटतात. मला हे साफ चूक वाटते.

एक नेहमीचा प्रश्न घ्या. तीन दातेरी चाके एका ओळीत एकमेकांत अडकवली आहेत. पहिले घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आहे, तर तिसरे कोणत्या दिशेने फिरेल? बापाच्या गॅरेजमध्ये लहानपणापासून तेलकट हातांनी वावरलेल्या पोराला विचारही करावा लागत नाही. तिसरे पहिल्याच्याच दिशेने फिरणार. त्याच वर्गातल्या मुलीच्या सायकलची चेन पडली तर ती भाऊ बसवून देतो, कारण 'तू कशाला हात काळे करतेस'. दोघांच्या डोक्यात फरक नसतो, तरी एक गुण त्याला मिळतो आणि तिचा जातो. परीक्षेने इथे मोजले ते एवढेच, की कोणाला यंत्राजवळ जाऊ दिले आणि कोणाला नाही.

साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. मार्च 2023 मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवली. रेल्वेत येण्याआधी कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली होती. त्यांच्यात उपजत कल होताच, असे खुशाल म्हणावे. पण कार्यशाळेचे दार उघडले नसते तर तो कोणाला दिसला असता?

म्हणून सराव ही लबाडी नव्हे. ज्यांना संधी मिळाली नाही त्यांनी ती उशिरा का होईना, स्वतः मिळवण्याची ती खटपट आहे. फक्त प्रश्नसंच सोडवून ती पुरी होत नाही. या परीक्षेतले विज्ञान आहे तरी काय? एकके, घनता, कार्य आणि ऊर्जा, उष्णता, प्राथमिक वीज, तरफ आणि साधी यंत्रे, अभियांत्रिकी चित्रकला. बहुतेक सगळे शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेले, आणि जवळजवळ सगळे हाताने तपासता येणारे. सायकलच्या पुढच्या चक्राला 44 दात असतील आणि मागच्याला 18, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळपास अडीच वेळा फिरते. खडूने टायरवर खूण करा आणि मोजा. नट सैल होत नसला की मेकॅनिक पान्याच्या दांड्यात पाइप घालतो. दांडा दुप्पट लांब झाला की जोर निम्मा पुरतो. 'तरफेचा दुसरा प्रकार: अडकित्ता' एवढे पाठ करणाऱ्याने एकदा सुपारी टोकाशी आणि एकदा बिजागरीजवळ धरून फोडून बघावी. पुन्हा कधी गोंधळ होणार नाही.

खुद्द लोको पायलटच्या कामात तर हे पदोपदी भेटते. कर्जत ते लोणावळा या बोरघाटात चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेले की गाडी 1 मीटर वर चढते. हजार टनांची गाडी घेतली तर घर्षण बाजूला ठेवूनही नुसत्या चढापायी सुमारे 27 टन वजनाइतका ओढा मागे राहतो. म्हणून तर गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात. 'उतरते प्रतल' हा धड्यातला निर्जीव शब्द असा घाटात जिवंत होतो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हा एका गुणाचा प्रश्न. पण ब्रेकचा जोर तेवढाच धरला तर थांबायला अंतरही चौपट लागते. थांबण्याच्या सिग्नलची पूर्वसूचना देणारा डिस्टंट सिग्नल किलोमीटरभर आधी का उभा असतो, त्याचे उत्तर इथेच आहे. हे ज्याला उमगले त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही. ट्रिकवरच्या पोराला मात्र प्रश्नातले शब्द फिरवले की घाम फुटतो.

उलट्या बाजूची गंमत आणखी वाईट आहे. आयटीआयचा फिटर वर्षभर कानस चालवून गुण्याने काटकोन तपासतो, मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचतो. स्लीव्हवर 7.5, थिंबलवर 22, म्हणजे 7.72 मिलिमीटर, हे तो जॉब हातात धरून सांगेल. तोच मुलगा अभ्यासिकेत बसून 'लघुतम माप'ची व्याख्या नवीन काहीतरी असल्यासारखी घोकतो. हे तू रोज करतोस, असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. परीक्षाही त्याला साथ देत नाही. दुसऱ्या टप्प्यातला ट्रेडचा भाग 35 टक्के मिळवून नुसता पार करायचा. गुणवत्ता यादीत त्या गुणांना जागा नाही. यादी ठरते ती 70 टक्के गणित-बुद्धिमत्ता-विज्ञान असलेल्या भागावर आणि 30 टक्के संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीवर. इंजिनावर बसणाऱ्या माणसाच्या ट्रेडला शून्य वजन का, याचे पटणारे कारण मला सापडलेले नाही.

नोकरी लागली की रेल्वे शिकवतेच, असे यावर म्हणता येईल. शिकवते, आणि नीट शिकवते. पण ते निवड झालेल्यांना. प्रश्न दाराबाहेर थांबलेल्यांचा आहे.

बहुतेक तालुक्यांत आज सरकारी आयटीआय आहे, आणि रविवारी तिथल्या कार्यशाळेला कुलूप असते. ती दोन तास भरतीच्या तयारीतल्या मुलामुलींना उघडून द्यावी, विशेषतः मुलींना. एक व्हर्नियर, चार कप्प्या, भंगारातला एखादा गिअरबॉक्स आणि रविवारी यायला तयार असलेला एक शिल्प निदेशक, एवढ्यावर काम सुरू होते. आपल्या तालुक्याच्या प्राचार्यांना हे विचारून तर पाहा.