पाचव्या दिवसानंतर

२०२५च्या जूनमध्ये इस्रायलने आणि पाठोपाठ अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हा नळदुर्गच्या हॉटेलांतही चहाबरोबर फोर्डो आणि नतान्झची चर्चा रंगली. बॉम्ब बनवू द्यायचाच कशाला, आधीच ठोकायचं, असा एकूण सूर. गावाला लागूनच बोरी नदी आहे. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने तिच्यावरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, त्याच दिवशी ती उमरग्यापर्यंत पोचली आणि पाचव्या दिवशी हैदराबादच्या निजामाने हात टेकले. शत्रू बळावण्याआधी चाल करावी का, हा वाद आमच्या अंगणात एकदा निकालासकट होऊन गेलेला आहे.

तेव्हा अणुबॉम्बचा प्रश्न नव्हता, भीती मात्र आजच्यासारखीच होती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक चोरून हैदराबादेत विमानाने शस्त्रं उतरवत होता. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषा करत होता. त्याच्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या जाचाने माणसं घरदार सोडून सोलापूरकडे पळत होती. पटेलांना कारवाई हवी होती, नेहरू कचरत होते, आणि काश्मीर पेटलेलं असताना इंग्रज सरसेनापती बुचर यांना दुसरी आघाडी नको होती. निजामाने तर सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली.

माझ्या मते कारवाई योग्यच होती. इराणशी तुलना इथेच तुटते. रझाकारांचा जाच रोज घडत होता. उद्याच्या बॉम्बचा नुसता अंदाज असतो. २००३ला इराकमध्ये अशाच अंदाजावर फौजा घुसल्या आणि ती संहारक शस्त्रं सापडलीच नाहीत. वैर असूनही दुसरी वाट निघते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्तानने १९८८ला केला. त्या केंद्रांच्या याद्यांची अदलाबदल दरवर्षी १ जानेवारीला होते. २०२५लाही झाली.

पण योग्य कारवाईचीही किंमत कुणीतरी मोजतंच, आणि ती इथे मोजली गेली. निजाम राजप्रमुख झाला. सूड उगवला गेला तो खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर, ज्यांतल्या कित्येकांचा रझाकारांशी संबंधही नव्हता. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. लातूर तेव्हा त्यातच. काही ठिकाणी सैनिकांचाही हात होता, असं समितीने लिहिलं. मुसलमान शेजाऱ्यांना जपणारे हिंदूही तिला भेटले. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आमच्याकडे त्या कारवाईसाठीचा ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द एका घरात अभिमानाने उच्चारला जातो, तर शेजारच्या घरात दबक्या आवाजात.

दिल्लीतल्या वादात फौज, हवामान, काश्मीर, परदेशांचं मत, सगळं मोजलं गेलं. सहाव्या दिवशी गावात पोलीस कोण असेल, हे मोजायचं राहिलं. टीव्हीवर तेहरानचे नकाशे दाखवणाऱ्यांनाही तेच विचारायला हवं.

दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, शाळाशाळांत झेंडा लागतो. पुढच्या वर्षी हुतात्म्यांच्या नावांनंतर सुंदरलाल अहवालाचंही एक पान मोठ्याने वाचावं, एवढी माझी जिल्ह्यातल्या शिक्षकांना विनंती आहे.