पिंपातली किल्ली

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतपत्राने स्वतःच पूर्वी दिलेले गुण बदलले. एकूण १९ अल्बम. लिझ फेअर या रॉक गायिकेच्या २००३ सालच्या, तिचंच नाव असलेल्या अल्बमला तेव्हा ०.० मिळाले होते; ते ६.० झाले. ‘इंटरपोल’ या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम ९.५ वरून ७.० वर उतरला. ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ला ६.४ होते, त्याचे पूर्ण १० झाले. मधल्या काळात या ध्वनिमुद्रणांतला एक सूरही हलला नव्हता.

मग बदललं काय? पूर्वीचा आकडा चुकीचा होता म्हणावं, तर तो ताडून कशाशी पाहिला? आणि आजचा बरोबर कशावरून? कलेबद्दलच्या निर्णयाला खरं-खोटं असं काही असतं का, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. रॉक समीक्षेत तो दर आठवड्याला, दशांश चिन्हासह उभा राहतो.

रॉकमध्ये गुण देण्याची रीत रुजली ती बाजाराच्या वाटेने. समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर सुरू केलं. ग्राहक थेट नावातच होता. जेमतेम एका परिच्छेदाचं परीक्षण आणि सोबत शाळा-कॉलेजात देतात तशी श्रेणी, ‘ए प्लस’पासून ‘ई मायनस’पर्यंत. त्या काळी तबकडी विकत घ्यावी लागे आणि रेडिओवर तिच्यातली एक-दोन गाणीच कानावर पडत. ‘यात पैसे घालावेत का?’ या वाचकाच्या प्रश्नाला श्रेणी हे सरळ, प्रामाणिक उत्तर होतं. आज महिन्याची वर्गणी भरली की जवळजवळ सगळं संगीत फोनवर हजर असतं. तो प्रश्न जवळपास संपला, पण त्याचं उत्तर मात्र अधिकाधिक बारीक होत गेलं. ‘पिचफोर्क’च्या ०.० ते १०.० या मोजपट्टीवर १०१ पायऱ्या आहेत. ७.८ आणि ७.९ यांतला फरक ऐकू येईल असा कान कुणालाच लाभलेला नाही.

तरीही ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून हा विषय मिटवणं हा आळस आहे. १७९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने याची नस पकडली. ‘मला आवडलं’ म्हणणारा माणूस स्वतःपुरतं बोलतो. ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा इतरांच्याही संमतीवर हक्क सांगतो, आणि तो सिद्ध करायला त्याच्या हाती एकही नियम नसतो. मराठीत या पेचाशी रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त तळमळीने झुंज घेतली आहे. २००० साली ‘रेडिओहेड’ या बँडच्या ‘किड ए’ अल्बमला ‘पिचफोर्क’ने १०.० दिले, तेव्हा समीक्षक आपल्या खोलीतला आनंद कळवत नव्हता. तुम्हालाही हे असंच ऐकू यायला हवं, असं तो म्हणत होता. हा हक्क सांगितल्याशिवाय समीक्षा उभीच राहत नाही. प्रश्न एवढाच, की तो पटवायचा कसा?

इथे कांटपेक्षा स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम जास्त उपयोगी पडतो. अभिरुचीच्या निकषावरच्या १७५७ सालच्या निबंधात त्याने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. नायकाचा सेवक सांचो पांझा याच्या दोन नातलगांना वाइन चाखायला बोलावतात. एक म्हणतो, वाइन चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, चांगलीच आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांनाही हसतात. शेवटी पिंप रिकामं होतं आणि तळाशी निघते चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली.

ह्यूमने ही गोष्ट सूक्ष्म रुचीचं उदाहरण म्हणून सांगितली. तिच्यातली आणखी एक बाब रॉक समीक्षेला लाख मोलाची आहे. किल्लीने त्या दोघांना खरं ठरवलं, कारण त्यांनी चामडं आणि लोखंड अशी नावं घेतली होती. एकाने ७.४ आणि दुसऱ्याने ७.१ गुण दिले असते, तर किल्ली सापडूनही काहीच सिद्ध झालं नसतं.

रॉकच्या इतिहासातल्या बदनाम परीक्षणांकडे या नजरेने पाहावं. मार्च १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात जॉन मेंडेलसन यांनी ‘लेड झेपेलिन’ या बँडचा पहिला अल्बम झोडपला. गिटारवादक जेफ बेकच्या गटाने नुकतंच जे तितकंच चांगलं किंवा अधिक चांगलं केलं, त्याहून यात फारसं वेगळं नाही, हा त्यांचा मुद्दा. त्याच नियतकालिकाच्या २००३ सालच्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या यादीत हा अल्बम २९ वा आला, आणि मेंडेलसन चुकलेल्या समीक्षकाचं कायमचं उदाहरण होऊन बसले. पण जेफ बेकचा १९६८ चा ‘ट्रूथ’ आणि हा अल्बम लागोपाठ ऐकावेत. ‘यू शुक मी’ हे विली डिक्सनचं ब्लूज गाणं दोन्हींत आहे. इतकंच काय, ‘ट्रूथ’मधल्या त्या गाण्यात ऑर्गन वाजवणारा जॉन पॉल जोन्स पुढे झेपेलिनचाच सदस्य झाला. पिंपात किल्ली होती! मेंडेलसन यांची चव अचूक होती. त्या चवीवरून काढलेला निष्कर्ष काळाने मानला नाही. १९७० मध्ये समीक्षक लेस्टर बँग्ज यांना ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम ‘क्रीम’ या त्रिकुटाची हिणकस आवृत्ती वाटला. त्यांनाही जे ऐकू आलं ते खोटं नव्हतं. त्यातून हेवी मेटल जन्मेल, हे त्यांना दिसलं नाही एवढंच.

समीक्षकाच्या लेखनात अशा दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, साक्ष आणि निकाल. निकाल फिरला तरी साक्ष उपयोगी राहते. वाचक पन्नास वर्षांनी ती उलटतपासणीला घेऊ शकतो. गुणांत मात्र फक्त निकाल उरतो. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’च्या ‘नेव्हरमाइंड’ला ‘रोलिंग स्टोन’ने पाचपैकी तीन तारे दिले; २०२० च्या त्यांच्याच यादीत तो सहावा होता. त्या तीन ताऱ्यांकडे कितीही वेळ पाहिलं तरी समीक्षकाने काय ऐकलं होतं ते कळत नाही. त्यासाठी मजकूरच वाचावा लागतो.

तो मजकूर वाचण्याची गरजच उरू नये, अशी व्यवस्था ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळाने २००१ पासून उभी केली. निरनिराळ्या परीक्षणांचे गुण शंभरावर आणायचे, प्रत्येक प्रकाशनाला कमी-अधिक वजन द्यायचं आणि सरासरी काढायची. ‘बी मायनस’चे होतात ६७. समीक्षकाने गुण दिलेच नसतील, तर मेटाक्रिटिकचे कर्मचारी लेख वाचून त्याला आकडा देतात. आकड्याला मुद्दाम दूर ठेवणाऱ्या समीक्षकावरचा हा अन्याय आहे. चामडं आणि लोखंड यांची सरासरी निघत नाही.

याउलट, समीक्षक ग्रील मार्कस यांनी १९७० मध्ये बॉब डिलनच्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’वर ‘रोलिंग स्टोन’मध्ये लिहिलं, तेव्हा ते नियतकालिक तारे देत नव्हतं. पहिल्याच वाक्यात शिवी होती. पण त्या लांबलचक लेखात मार्कस एकेका गाण्यापाशी थांबले आणि काय बिनसलंय ते शोधत राहिले. २०१३ मध्ये त्याच काळातली डिलनची अप्रकाशित ध्वनिमुद्रणं ‘अनदर सेल्फ पोर्ट्रेट’ या नावाने निघाली, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत लिहायला ज्यांना बोलावलं, त्यांत मार्कसही होते.