जागण्याचं बलुतं

पूर्वी गावात जागल्या असायचा. रात्रभर वेशीपासून वेशीपर्यंत फिरायचा आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा बाजूला निघायचा. वर्षभरात एकही चोर आला नाही म्हणून कुणी त्याचं धान्य कापलं नाही. आता समजा, एखाद्या हिशेबी पाटलाने ठरवलं की जागल्याला चोरागणिक अमुक पायल्या द्यायच्या. पहिल्या वर्षी जागल्या हसेल. दुसऱ्या वर्षी तो गाव सोडेल.

अमेरिकेतल्या खेड्यांच्या इस्पितळांवर नेमकी हीच पाळी आली. तिथल्या वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा म्हणजे मेडिकेअर. १९८३ पासून तो दाखल झालेल्या रोग्यागणिक, आजार पाहून ठरलेली रक्कम देतो. शहरात हे चालून जातं, कारण खाट रिकामी राहत नाही. पण आयोवासारख्या मक्या-सोयाबीनच्या राज्यात, दोन-तीन हजार वस्तीच्या गावात, रात्री अडीच वाजता धान्य चढवणाऱ्या यंत्रात एखाद्याचा हात अडकतो. त्या एका हातासाठी नर्स जागी हवी, एक्स-रे काढणारा हाकेच्या अंतरावर हवा, रक्ताची पिशवी थंड हवी, जनरेटरमध्ये डिझेल हवं. आणि हे सगळं ज्या तीनशे रात्री कुणीच येत नाही, त्या रात्रीही हवं. त्या तीनशे रात्रींचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

१९९७ च्या कायद्याने यावर एक तोड काढली. मोजक्याच खाटा (आता कमाल २५) असलेल्या, दुसऱ्या इस्पितळापासून ३५ मैल लांब असलेल्या छोट्या इस्पितळांना रोग्यागणिक नव्हे, तर झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे द्यायचे. (३५ मैलांच्या अटीला राज्यांनी २००६ पर्यंत भरपूर पळवाटा काढल्या. एकट्या आयोवात अशी ८२ इस्पितळं आहेत. राज्याचा नकाशा पाहिला की हसू येतं.) पण हा खर्चही मेडिकेअरच्या रोग्यांच्या वाट्यापुरताच मिळतो. म्हणजे मोजमाप पुन्हा रोग्याशीच येऊन थांबलं. २०१० नंतर शंभराहून जास्त ग्रामीण इस्पितळं एक तर बंद झाली, नाहीतर त्यांनी रोगी दाखल करून घेणं थांबवलं.

इथे चक ग्रासली येतात. जन्म १९३३, स्वतः शेतकरी, १९८१ पासून आयोवाचे सिनेटर, पक्के रिपब्लिकन. दरवर्षी राज्यातल्या सगळ्या ९९ काउंट्यांत ते फिरतात. सरकारला ठकवणाऱ्या कंत्राटदारांच्या मागे लागण्यात त्यांची हयात गेली. असा माणूस 'रोगी असो नसो, पैसे द्या' म्हणेल, असं वाटत नाही. पण २०१५ मध्ये त्यांनी आणलेलं विधेयक त्याच वाटेने निघालं होतं. पुढे मिनेसोटाच्या डेमोक्रॅट एमी क्लोबुचर त्यांच्या जोडीला आल्या. २०२० च्या डिसेंबरात ग्रासली सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष असताना ही कल्पना मोठ्या खर्च-विधेयकाच्या पोटात बसून कायदा झाली. तिचं नाव 'रूरल इमर्जन्सी हॉस्पिटल'.

यात इस्पितळाने आपत्कालीन कक्ष चोवीस तास उघडा ठेवायचा. त्या बदल्यात दरमहा ठरावीक रक्कम मिळते. २०२३ मध्ये ती २,७२,८६६ डॉलर होती. त्या महिन्यात दहा जण आले की हजार, हे कुणी विचारत नाही. शिवाय बाह्यरुग्ण सेवांवर ५ टक्के वाढीव दर. जागल्याचा वाटा खळ्यावर पुन्हा काढून ठेवला, म्हणायचा.

पण कायद्याला किंमत होती. रोगी दाखल करून घेणं बंद. रोग्याच्या मुक्कामाची वार्षिक सरासरी २४ तासांच्या वर जाता कामा नये. जागण्याचे पैसे हवेत, तर निजायच्या खाटा उचला. कंजूषपणा म्हणा, पण काटकसरी माणसाच्या हातून कायदा असाच निघतो, आणि मला त्यात एक सरळपणाही दिसतो. उणीव दिसते ती दुसरीकडे. छोट्या इस्पितळात 'स्विंग बेड' असतात. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीचं ऑपरेशन शहरात होतं आणि चालायला शिकायला ती आपल्या गावच्या खाटेवर परत येते. खिडकीतून ओळखीचं चर्च दिसतं, शेजारीण दुपारी डोकावून जाते. नव्या कायद्याखाली ही खाट गेली. हाड मोडलं त्या रात्री इस्पितळ तिच्यासाठी जागं असेल. नंतरच्या तीन आठवड्यांसाठी मात्र तिने दुसरीकडे जायचं.

मिसिसिपीच्या काठी, आयोवाच्या आग्नेय टोकाला किओकुक गाव आहे. तिथलं इस्पितळ १ ऑक्टोबर २०२२ ला बंद झालं. नवी सोय सुरू झाली १ जानेवारी २०२३ ला, आणि अशा इस्पितळांना परवाना देणारा राज्याचा कायदा त्यानंतर आला. सोय येईपर्यंत दाराला कुलूप लागलेलं होतं.

ग्रासलींच्या कामाचा हिशेब इथेच मिटत नाही. २०२५ च्या जुलैत सिनेटने ५१ विरुद्ध ५० मतांनी जे मोठं विधेयक मंजूर केलं, त्याने गरिबांच्या मेडिकेड विम्याला जबर कात्री लावली. ग्रासलींचं मत बाजूने पडलं. ग्रामीण आरोग्यासाठी त्यात पाच वर्षांचा ५० अब्ज डॉलरचा निधी घातला आहे. कात्रीने जाणारी रक्कम त्याच्या कितीतरी पट आहे. जागल्याचं धान्य ठरवायचं आणि त्याच सुगीत खळंच आखडतं घ्यायचं, हे मला काही उलगडत नाही.

नव्या प्रकाराला पात्र इस्पितळं देशात हजारावर आहेत. पहिल्या दोन वर्षांत त्यांतली तीस-चाळीसच तिकडे वळली. पैशाचं गणित हे एक कारण झालं. दुसरं कारण विश्वस्तांच्या बैठकीत बसतं. ती माणसं त्याच गावची, त्यांची बाळंतपणं आणि आजोबांचे शेवटचे दिवस त्याच खाटांवर झालेले. ठराव पुढे आला, की कागदावर 'खाटा : ०' असं लिहिलेलं असतं, आणि सही कुणी आधी करायची, यावर गाडी अडते.