न मागितलेलं सुवर्ण

ही लढत यूट्यूबवर आजही सापडते. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, चहा संपेपर्यंत बघून होते. २ ऑक्टोबर १९८८, सोल ऑलिंपिक, लाइट-मिडलवेट गटाची फायनल. एका कोपऱ्यात अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा रॉय जोन्स, दुसऱ्या कोपऱ्यात यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन. तुम्हाला बॉक्सिंगमधलं काही कळत नसलं तरी चालेल. कोण मारतोय आणि कोण मार खातोय, एवढं दिसतंच. टीव्हीवाल्यांनी केलेल्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. पाच पंचांचा निकाल: ३ विरुद्ध २, पार्क विजयी. आणि वर गंमत अशी, की स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून मिळणारा व्हॅल बार्कर करंडक रौप्यपदकवाल्या जोन्सलाच दिला गेला.

पैसे खाल्ले असणार, असं आपण लगेच म्हणून मोकळे होतो. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९७ मध्ये जाहीर केलं, की लाच दिल्याचा पुरावा मिळाला नाही. मला मात्र त्या लाचेपेक्षा एका पंचाने दिलेलं कारण जास्त अस्वस्थ करतं. मोरोक्कोचे हिउद लार्बी यांनी पार्कला मत दिलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: जोन्स इतका सहज जिंकला होता, की बाकीचे चौघे त्यालाच मत देणार याची मला खात्री होती. मग यजमानांची फार शोभा होऊ नये, ४-१ असा निकाल दिसावा, म्हणून मी कोरियाला मत दिलं.

हौदभर दुधाची गोष्ट आठवते का? राजाने सांगितलं, रात्री प्रत्येकाने हौदात तांब्याभर दूध ओतायचं. प्रत्येकाला वाटलं, सगळेच दूध ओततील, माझं तांब्याभर पाणी कुणाला कळतंय. सकाळी हौदात नुसतं पाणी. फरक एवढाच, की गोष्टीतल्या लोकांना दूध वाचवायचं होतं. लार्बींनी, त्यांचं म्हणणं खरं मानलं तर, स्वतःसाठी काहीच वाचवलं नाही. त्यांनी दया दाखवली, पण ती इतरांच्या प्रामाणिकपणाच्या भरवशावर. सत्याची जबाबदारी दुसऱ्यांवर ढकलून आपण चांगुलपणा मिरवायचा, ही सवय आपल्यालाही नवी नाही. मित्राच्या सुमार कवितेखाली ‘जबरदस्त!’ लिहिताना आपण हेच करतो. खरं कुणीतरी सांगेलच की.

कवितेचं ठीक आहे. पंचाचं मत हे त्याचं एकट्याचं असतं, म्हणून तर पाच जणांना वेगवेगळं बसवतात. इतर काय करतील याचा हिशेब सुरू झाला, की पाच पंच उरतच नाहीत, पाच अंदाज उरतात. मग १९९२ च्या बार्सिलोनापासून बटणं आली. ठोसा लागल्यावर पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. पुढे तीही पद्धत बदलली, आणि २०१६ च्या रिओमधल्या निकालांवर पुन्हा चौकशी बसलीच.

या सगळ्यात पार्कचं काय? त्याने मत दिलं नव्हतं. तो लढला, हरला असं त्याला वाटत होतं, आणि रेफरीने त्याचाच हात वर केला. त्याने तिथल्या तिथे पदक नाकारायला हवं होतं, असं आज फोनवर स्क्रोल करता करता म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही. कोरियात ऑलिंपिक पदकाबरोबर मानधन येतं, सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. बाविशीतल्या मुलाने आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर ते परत करायचं? हरलेल्याचा नकार निदान लोकांना समजतो. आपल्या सरिता देवीने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक काढून तिला हरवलेल्या कोरियन बॉक्सरच्याच गळ्यात घातलं. तिच्यावर वर्षभराची बंदी आली, पण देश तिच्या बाजूने होता. जिंकलेल्याने नकार दिला असता तर पार्कच्या बाजूने कोण उभं राहिलं असतं?

जोन्स व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये गेला, मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत चार गटांत जगज्जेता झाला. पार्क कधीच व्यावसायिक झाला नाही. शिकवणं, मुलांना बॉक्सिंगचे धडे देणं, यात त्याचं आयुष्य गेलं. त्या निकालाने आपलं जगणं झाकोळून टाकलं, असं त्याने नंतर बोलूनही दाखवलं. ज्याचं सोनं गेलं त्याच्यापेक्षा ज्याला ते मिळालं त्याच्यावर हा भार जास्त काळ राहिला, असं मला वाटतं.

२०२३ मध्ये पार्क मुलाला दुभाषा म्हणून सोबत घेऊन फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला, जोन्सच्या घरी गेला. खिशातून पदक काढलं आणि हे तुझं आहे म्हणून त्याच्या हातात दिलं. जोन्सने हा व्हिडिओ २०२५ मध्ये सगळ्यांना दाखवला. त्यात जोन्सला रडू आवरत नाही. पस्तीस वर्षं उशीर झाला, असं काहींनी लिहिलं. मला तो उशीर वाटत नाही. मतं देणाऱ्या तिघांपैकी कुणी तेवढा प्रवास केल्याचं ऐकिवात नाही.

ऑलिंपिकच्या अधिकृत यादीत मात्र अजून तेच आहे. १९८८, लाइट-मिडलवेट: पार्क सी-हुन, सुवर्ण. रॉय जोन्स, रौप्य.